मोत्याला रंग कोण देतं? – मोतीशेतीचे जनक कोकिची मिकिमोतो यांची जीवनकथा



आज तुम्हाला एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण हा लेख त्या चुकीतूनच जन्माला आला.

मागच्या वर्षी तिसरीच्या वर्गात चित्रकलेचा तास होता. विषय होता समुद्रातील जग. मुलांनी मासे काढले, खेकडे काढले, कुणी होडी काढली. एका मुलीने उघडा शिंपला काढला आणि त्यात मोती. मोती तिने चक्क गडद हिरवा रंगवला, वर थोडी जांभळी झाक. मी म्हटलं, अगं मोती कधी हिरवा असतो का? मोती पांढरा असतो. खोडून टाक. ती काहीच बोलली नाही. खोडरबराने घासत बसली. खडूचा रंग तो, निघतो कसला! शेवटी कागद फाटला.

सुट्टीत तिच्या मैत्रिणीने सांगितलं, की हिच्या मामाने मालवणहून एक शिंपला आणलाय, आणि तो आतून तसाच निळा-हिरवा चमकतो. म्हणजे मुलीने विचार केला होता: शिंपला आतून ज्या रंगाचा, मोती त्याच रंगाचा.

त्या रात्री मी सहज म्हणून मोत्यांबद्दल वाचायला बसले आणि वाचता वाचता मान खाली गेली. मुलगी बरोबर होती. चूक माझी होती. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर हिरवे, जांभळे, चॉकलेटी, राखाडी मोती खरोखर तयार होतात. त्यांना कुणी रंग लावत नाही. आणि त्यांच्या रंगाचं कारण जवळजवळ तेच आहे, जे त्या आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात होतं.

हे सगळं समजून घ्यायचं तर आधी ज्या माणसाने मोत्याची शेती जगभर नेली, त्याचं आयुष्य समजून घ्यावं लागतं. चला तर मग.

शेवयांच्या दुकानातला मुलगा

कोकिची मिकिमोतो यांचा जन्म १८५८ साली जपानमधल्या तोबा या किनाऱ्यावरच्या गावी झाला. वडिलांचं उदोनचं छोटं दुकान होतं. उदोन म्हणजे आपल्या शेवयांसारखाच, पण जाड प्रकार. घरची परिस्थिती बेताची, कोकिची थोरला. म्हणून शाळा लवकर सुटली आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तो भाजी विकायला लागला.

सतरा वर्षांचा असताना तोबाच्या बंदरात एक ब्रिटिश जहाज आलं. सगळे विक्रेते आपापल्या होड्या घेऊन तिकडे धावले, पण खलाशी कुणाला दाद देईनात. कोकिचीने काय केलं, तर आपल्या होडीत पाठीवर झोपून पायांवर वस्तू फिरवण्याचा खेळ सुरू केला. खलाशांना गंमत वाटली, त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि त्याचा माल विकला गेला. जपानमध्ये ही गोष्ट आजही सांगतात. लोकांचं लक्ष कसं वेधून घ्यायचं, हे या माणसाला अगदी पहिल्यापासून माहीत होतं.

विसाव्या वर्षी ते टोकियो आणि योकोहामाला गेले. तिथे त्यांनी समुद्रातल्या मालाचा व्यापार पाहिला. आपल्या गावच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या मोत्यांना इथे केवढी किंमत येते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. पण त्याच वेळी त्यांच्या भागातले शिंपले भराभर संपत चालले होते. त्या किनाऱ्यावर आमा नावाच्या पाणबुड्या स्त्रिया एका श्वासात समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले काढत. पण हजारो शिंपले उघडावेत तेव्हा कुठे एखादा चांगला मोती मिळायचा. बाकीचे सगळे शिंपले फुकट मरायचे.

मिकिमोतो यांना वाटलं, भात पेरता येतो, तर मोती का पेरता येऊ नये?

शिंपल्यात मोती होतो कसा?

इथे थोडं थांबूया. आपण मुलांना काय शिकवतो? शिंपल्यात वाळूचा कण जातो आणि त्याचा मोती होतो. हे ऐकायला सोपं आहे, पण तितकंसं खरं नाही. वाळू तर शिंपल्याच्या अवतीभवती रोजचीच. ती तो बाहेर टाकून देतो.

शिंपल्याच्या आत, कवचाला लागून एक मऊ झालर असते. हीच झालर शिंपल्याचं कवच तयार करते आणि आतून चकचकीत थर चढवते. एखादा परजीवी किडा आत घुसला किंवा झालरीला इजा झाली, की तिच्या काही पेशी शरीरात आत ढकलल्या जातात. तिथे त्यांची एक छोटी पिशवी बनते. पेशींचं काम तर एकच, चकचकीत थर चढवणं. त्या आतही तेच करत राहतात. थरावर थर बसतात आणि मोती होतो.

म्हणजे मोती ही शिंपल्याच्या कवचाच्या आतल्या बाजूचीच गोल आवृत्ती. दोन्ही घडवणाऱ्या पेशी सारख्या, म्हणून रंगही सारखाच. आमच्या वर्गातल्या मुलीने नेमकं हेच काढलं होतं.

तांबडं पाणी

१८८८ साली मिकिमोतो यांनी कर्ज काढून आगो उपसागरात शिंपले पाळायला सुरुवात केली. शिंपले जगत होते, पण मोती होईना. १८९० साली टोकियोच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांची प्राध्यापक काकिची मित्सुकुरी यांच्याशी भेट झाली. मित्सुकुरी हे प्राणिशास्त्रज्ञ. शेवयांच्या दुकानातून आलेल्या, फारसं शिक्षण नसलेल्या या माणसाला त्यांनी हसून वाटेला लावलं नाही. मोती कसा तयार होतो याचं शास्त्र त्यांनी समजावून सांगितलं. शिक्षक म्हणून मला ही भेट फार मोलाची वाटते.

मग प्रयोग सुरू झाले. शिंपल्यात काय काय घालून पाहिलं! पण शिंपले ते बाहेर टाकायचे, नाहीतर मरायचे. आणि १८९२ साली समुद्र तांबडा झाला. पाण्यात एका प्रकारचे सूक्ष्म जीव बेसुमार वाढले की पाणी तांबूस होतं, त्यातला प्राणवायू कमी होतो आणि शिंपले गुदमरून मरतात. आगो उपसागरातले शिंपले गेले. कर्ज तसंच राहिलं. गावातले लोक हसू लागले.

या सगळ्या काळात त्यांच्या पाठीशी उभी होती त्यांची बायको, उमे. लग्न १८८१ साली झालेलं. नवरा समुद्रात आणि प्रयोगात. घर, मुलं आणि दुकान सांभाळायला उमे. तोब्याजवळच्या एका छोट्या बेटापाशी ठेवलेले काही शिंपले तांबड्या पाण्यातून वाचले होते. ११ जुलै १८९३ या दिवशी दोघं नवरा-बायको ते शिंपले उघडून बघत होते. एका शिंपल्यात, कवचाला चिकटलेला अर्धगोल मोती दिसला. माणसाने ठरवून घडवलेला मोती!

१८९६ साली त्यांना अर्धगोल मोत्याचं पेटंट मिळालं. आणि त्याच वर्षी उमे गेली. वय होतं फक्त ३२. पाठीमागे पाच मुलं. नवऱ्याचं मोठं नाव तिने पाहिलंच नाही.

गोल मोती कुणाचा?

मिकिमोतो थांबले नाहीत. १८९९ साली टोकियोच्या गिंझा भागात त्यांनी मोत्यांचं दुकान काढलं. पण अर्धगोल मोती तो अर्धाच. त्यांना पूर्ण गोल मोती हवा होता. १९०५ साली पुन्हा समुद्र तांबडा झाला आणि सुमारे साडेआठ लाख शिंपले मेले. त्या दुर्गंधीत बसून त्यांनी मेलेले शिंपले एकेक करून तपासले. त्यांत पाच पूर्ण गोल मोती सापडले. म्हणजे हे होऊ शकतं, याची खात्री पटली.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण मुलांच्या पुस्तकात तो बहुतेक वेळा गाळलेला असतो.

गोल मोत्याची जी पद्धत आज जगभर वापरतात, तिच्यामागे मिकिमोतो एकटे नाहीत. तात्सुहेई मिसे हा एक सुतार आणि तोकिची निशिकावा हे एक शास्त्रज्ञ, या दोघांनी वेगवेगळं काम करून साधारण एकच युक्ती शोधली. निशिकावा तर मिकिमोतो यांचेच जावई. ओतोकिची कुवाबारा नावाचे एक दंतवैद्य स्वतः मिकिमोतो यांच्याकडे काम करत. दातांवर काम करणारे सराईत हात शिंपल्यावर शस्त्रक्रिया करायला उपयोगी पडले. तिकडे ऑस्ट्रेलियात विल्यम सॅव्हिल-केंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञही याच खटपटीत होते. मिकिमोतो यांनी १९०८ साली गोल मोत्याचं स्वतःचं पेटंट घेतलं, पण त्यांची मूळ पद्धत फार वेळखाऊ होती. पुढे मोतीशेतीत रुळली ती मिसे-निशिकावा पद्धत. निशिकावा १९०९ मध्येच, तरुण वयात वारले.

ती युक्ती अशी: एका शिंपल्याच्या झालरीचा अगदी छोटा तुकडा कापायचा. दुसऱ्या शिंपल्याच्या शरीरात बारीक चीर देऊन तो तुकडा आणि सोबत एक गोल मणी ठेवायचा. मणी असतो गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या जाड कवचाचा. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचे शिंपले त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्या तुकड्यातल्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी करतात आणि मण्यावर चकचकीत थर चढवू लागतात.

म्हणजे एका मोत्यामागे शिंपले असतात दोन. एक मोती पोटात वाढवणारा, दुसरा झालरीचा तुकडा देणारा. तुकडा देणारा शिंपला त्यातच मरतो. आणि मोत्याचा रंग मुख्यतः त्या देणाऱ्यावरून ठरतो.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते उमेचं.

जगाचा बाजार आणि पेटलेली भट्टी

मिकिमोतो यांचे गोल मोती १९२० नंतर युरोपात पोहोचले आणि व्यापाऱ्यांची झोप उडाली. हे मोती नकलीच, असा ओरडा झाला. पॅरिसमध्ये प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शास्त्रज्ञांनी तपासलं, तर या मोत्याचे थर अगदी अस्सल मोत्यासारखेच. १९२४ पर्यंत हा वाद मिकिमोतो यांच्या बाजूने सुटला. १९२७ साली ते अमेरिकेत थॉमस एडिसन यांना भेटले.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या जवळची आहे. आपल्या आजी-पणजीच्या नथीतले, तन्मणीतले मोती बसऱ्याचे म्हणून ओळखले जात. ते इराणच्या आखातातून येत आणि त्यांचा मोठा बाजार होता आपल्या मुंबईत. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे स्वस्त मोती, या दोन्हींनी आखातातला तो जुना धंदा बसला. पाणबुडे, नाखवे, मुंबईचे व्यापारी, सगळ्यांना त्याची झळ लागली. एकाच्या शोधाने दुसऱ्याची चूल विझू शकते, हे मोठ्या मुलांशी जरूर बोला.

१९३२ साली मिकिमोतो यांनी कोबे शहरात भर चौकात भट्टी पेटवली आणि हलक्या प्रतीचे मोती फावड्याने आगीत टाकले. बाजारात खराब माल येऊ लागला होता आणि आम्ही तसला माल विकत नाही, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. आठवतंय ना, होडीत पायांवर खेळ करणारा तो मुलगा?

त्यांचं स्वप्न होतं गोल, पांढरा, निर्दोष मोती. जगही तसाच मोती मागत होतं. जपानचा आकोया शिंपला लहान, आतून फिकट. त्याचे मोती पांढरे, मलई रंगाचे, गुलाबी झाकेचे. बाजाराला एकसारखी माळ लागते, म्हणून असे मोती बहुतेक वेळा धुवून, फिकट करून सारखे केले जातात.

पण एक लक्षात घ्या, मिकिमोतो यांना काळ्या मोत्याचंही वेड होतं. जपानच्या दक्षिण टोकाच्या इशिगाकी बेटावर काळ्या ओठाचा शिंपला मिळतो. हा चांगला ताटलीएवढा होतो आणि त्याची कड आतून काळपट असते. त्यात मोती घडवायचे प्रयत्न त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू केले. पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरही त्यांची शेती होती. पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि मोतीशेती ठप्प झाली. युद्धानंतर जपानमधली शेती पुन्हा उभी राहिली. २१ सप्टेंबर १९५४ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी मिकिमोतो यांचं निधन झालं. १९८५ साली जपानच्या पेटंट कार्यालयाने देशाचे जे दहा थोर संशोधक निवडले, त्यांत त्यांचं नाव आहे.

बेटांवरचे रंग

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच गोष्ट पुढे सरकली. ताहिती ज्या द्वीपसमूहात आहे, त्या फ्रेंच पॉलिनेशियात काळ्या ओठाचे शिंपले भरपूर. लोक ते काढत ते मोत्यासाठी नाही, तर कवचासाठी. त्याची बटणं होत. प्लॅस्टिकची बटणं आली आणि तो धंदा उतरला. तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मत्स्य विभागाचे ज्याँ-मारी दोमार यांनी चुरोकू मुरोई या जपानी तंत्रज्ञाला बोलावून या शिंपल्यांत मणी आणि झालरीचा तुकडा ठेवून पाहिला. प्रयोग जमला. त्या दशकाच्या अखेरीस मानिही बेटावर व्यापारी शेती सुरू झाली. पुढे कुक बेटांमधलं मानिहिकी, फिजी, असं करत ही शेती पसरली.

आणि मोती कोणत्या रंगांचे निघाले? नावाला काळे, पण पूर्ण काळा मोती क्वचितच. हिरव्यावर गुलाबी झाक मारणारा मोरपंखी. व्यापारातही याला मोराचंच नाव आहे. वांगी रंगाचा, पिस्ता रंगाचा, पोलादी राखाडी, निळसर, रुपेरी, तांब्यासारखा, चॉकलेटी. एकाच शेतीत, एकाच दिवशी काढलेल्या मोत्यांमध्येही एवढे प्रकार!

सुरुवातीला सोनारांचा विश्वासच बसेना. त्यांना वाटलं, रंग लावलाय. शेवटी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या रत्नपरीक्षा संस्थेने तपासून सांगितलं, की रंग नैसर्गिक आहे. माझ्यासारखेच सगळे!

हे रंग येतात कुठून? दोन गोष्टींतून. एक, काळ्या ओठाच्या शिंपल्याच्या पेशी थरांबरोबर स्वतःचं रंगद्रव्यही सोडतात. दुसरी, मोत्याचे थर इतके पातळ असतात की त्यांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंग खेळू लागतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे. पाणी, वाढीचा वेग, मोती वाढवणारा शिंपला यांचाही थोडाफार वाटा असतो. पण मुख्य वाटा तुकडा देणाऱ्या शिंपल्याचा. म्हणून शेतकरी तो निवडताना त्याच्या आतल्या कडेचा रंग बारकाईने बघतात. हिरवी कड असेल तर हिरव्या मोत्याची आशा. तरीही खात्री नसते. दीड-दोन वर्षांनी शिंपला उघडेपर्यंत काय निघेल ते सांगता येत नाही. एका माळेला जुळणारे मोती शोधायला हजारो मोती चाळावे लागतात.

आज अनेकजण मुद्दाम न जुळणाऱ्या रंगांची माळ करून घेतात.

वर्गात काय केलं?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की काल माझं चुकलं. मोती हिरवाही असतो. त्या मुलीला शिंपला घेऊन यायला सांगितलं. तिने तो रुमालात गुंडाळून आणला. आम्ही तो उन्हात फिरवून पाहिला, मग साबणाचे फुगे केले आणि दोन्हींचे रंग ताडून बघितले. मग मिकिमोतो यांची गोष्ट सांगितली. उमे, मित्सुकुरी, मिसे आणि निशिकावा यांच्यासकट सांगितली. एका मुलाने विचारलं, की तुकडा देणाऱ्या शिंपल्याचं नाव कुठेच का लिहीत नाहीत? मला उत्तर देता आलं नाही.

चित्र तिने पुन्हा काढलं का, असं तुम्ही विचाराल. काढलं. पण या वेळी मोती रंगवण्याआधी ती माझ्याकडे आली आणि कोणता रंग देऊ असं विचारलं. आधी तिने विचारलं नव्हतं. माझ्या एका वाक्याने काय केलं, ते मला तेव्हा कळलं. तिला म्हटलं, तूच ठरव. ती बराच वेळ खडूंच्या डबीकडे बघत बसली. मग हिरवा उचलला.

पालकहो, घरी मूल काही वेगळं रंगवेल, वेगळं बोलेल, तेव्हा खोड म्हणण्याआधी एकदा फक्त विचारा, असं का केलंस? बस्स, एवढंच.

मुलांशी बोलण्यासाठी काही प्रश्न

१. शिंपला आणि मोती यांचा रंग सारखा का असतो?
२. मिकिमोतो यांना कुणाकुणाची मदत झाली? त्यांतल्या कुणाबद्दल तुम्हाला अजून जाणून घ्यावंसं वाटतं?
३. जपानच्या मोत्यांमुळे आखातातल्या पाणबुड्यांचं काय झालं असेल?
४. तुमच्या घरी मोत्याचा दागिना आहे का? आजीला विचारा, तो कुठून आला.

उपक्रम: साबणाचे पाणी, जुनी सीडी, मोरपीस आणि मिळाला तर एखादा शिंपला उन्हात धरा. कोणकोणते रंग दिसतात, त्यांची नावं मराठीत लिहा. आमच्या वर्गाची यादी २३ रंगांवर गेली. तुमची किती होते ते नक्की कळवा.

लेख आवडला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवा. काही चुकलं असेल तर हक्काने सांगा, दुरुस्त करेन.